गाडीला ई२० चालतं का? आधी टाकीचं झाकण उघडा, मग बोनेट

"२०१९ची गाडी आहे, ई२० चालेल का?" पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई१० म्हणजे दहा टक्के. उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो इंजिन वर्षभरात बसणार, दुसरा म्हणतो काही होत नाही, बिनधास्त टाका. शोरूममधला माणूस मान डोलावून "चालतंय की" म्हणतो, आणि तेवढंच मेलवर लिहून द्या म्हटलं की विषय बदलतो.

मुळात टाकायचं की नाही हा पर्याय आता फारसा उरलेलाच नाही. जून २०२२ मध्ये देशात इथेनॉलचं सरासरी मिश्रण दहा टक्क्यांवर पोचलं, ६ फेब्रुवारी २०२३ला बेंगळुरूत ई२०ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये साधं पेट्रोल म्हणजेच ई२० झालं. आपल्याकडे इथेनॉल काही कालपरवाचं नाही. २००१ साली प्रायोगिक मिश्रण झालं त्या मोजक्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड होती, आणि २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिसळायला सुरुवात झाली. म्हणजे तुमची गाडी जुनी असली तरी तिने इथेनॉल चाखलेलं आहेच, प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे.

म्हणून "चालतं का" हा प्रश्न मी तीन प्रश्नांत वाटतो. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचं (इंजिनात इंधन फवारणारा भाग) रबर, प्लॅस्टिक, धातू वीस टक्के इथेनॉलला टिकणारे आहेत का, हा पहिला. इंजिनचा संगणक या इंधनासाठी जुळवलेला आहे का, हा दुसरा. आणि तुम्हाला जो त्रास होतोय तो खरंच इथेनॉलचा आहे, की पाण्याचा, चोक झालेल्या फिल्टरचा किंवा मेलेल्या सेन्सरचा, हा तिसरा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा घोळ या तिसऱ्यातच निघतो. पण क्रमाने जाऊ.

झाकण, पुस्तिका, आरसी

पेट्रोलच्या झाकणाची बाहेरची पाटी उघडा आणि तिच्या आतल्या बाजूला बघा. ई२० चालणाऱ्या नव्या गाड्यांना ते ठळक दिसेल असं लिहिणं कंपनीवर बंधनकारक आहे. तिथे ई२० असेल तर विषय जवळजवळ संपला. ई१० असेल तर पुढे वाचा. काहीच नसेल तर पुस्तिकेत इंधनाचं पान काढा. तिथे बहुतेक वेळा एका ओळीत लिहिलेलं असतं की अमुक टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल. गाडी सेकंडहँड असेल आणि पुस्तिका हरवली असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, पण त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाची. फेसलिफ्ट झालेल्या, म्हणजे त्याच नावाने रूप बदलून आणलेल्या गाडीची पुस्तिका जुन्या गाडीला लावून अनेक जण उगाच निर्धास्त होतात किंवा उगाच घाबरतात.

मग आरसी. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तेच बघायचं, नोंदणीची तारीख नाही. जानेवारी २०२३ मध्ये बनलेली गाडी शोरूमच्या अंगणात पडून राहून जूनमध्ये पासिंग झाली असेल, तर ती जूनची धरायची नाही. सरकारच्या आराखड्यात टप्पे असे होते: एप्रिल २०२३ पासून साहित्य ई२०ला टिकणारं, पण इंजिनची जुळवणी ई१०ची, आणि एप्रिल २०२५ पासून जुळवणीही ई२०ची. त्यामुळे एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ मध्ये बनलेल्या गाडीला साहित्याची काळजी नाही, ॲव्हरेज मात्र किंचित कमी दिसू शकतं.

इथे एक गैरसमज फार पसरलाय, की बीएस६ म्हणजे ई२०. तसं नाही. बीएस६ हा धुराचा नियम आहे आणि तो एप्रिल २०२० पासून आहे. मधल्या तीन वर्षांतल्या बीएस६ गाड्या सरसकट ई२०साठी बनवलेल्या नाहीत. उलट बाजूही आहे. काही कंपन्यांनी नियम येण्याच्या कितीतरी आधीच टिकाऊ साहित्य वापरायला सुरुवात केली होती. होंडा कार्सने तर २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचं साहित्य ई२०ला चालतं असं जाहीर केलंय. त्यामुळे नुसतं वर्ष सांगून कुणी छातीठोक उत्तर देत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

शंका उरलीच तर कंपनीच्या ग्राहक विभागाला चेसिस नंबर घालून मेल करा आणि नेमकं विचारा: माझ्या गाडीच्या इंधनमार्गातले सुटे भाग ई२०ला टिकणारे आहेत का, नसतील तर कोणते बदलायचे आणि त्यांचे पार्ट नंबर काय. "ई२० चालतं का" एवढंच विचारलंत तर "कृपया जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या" एवढंच उत्तर येईल. उत्तर आलं की जपून ठेवा. विम्याबद्दलची भीती मात्र डोक्यातून काढून टाका. ई२० वापरलं म्हणून विमा बाद होत नाही, असा खुलासा पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

ॲव्हरेज किती पडलं तर इथेनॉलला दोष द्यायचा?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. हे गणित कुठल्याही जाहिरातीने बदलत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०ला जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींची तीन ते चार टक्के, आणि ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्या चारचाकींची एक ते दोन टक्के घटेल असं म्हटलं होतं.

आता आपला हिशोब. गाडी अठराचं ॲव्हरेज देत होती आणि आता पावणेसतरा-सतरा देतेय, तर ते इथेनॉल. अठराची तेरा झाली असेल, तर इथेनॉलवर खापर फोडून मोकळं होऊ नका. टायरमधली हवा, धरून बसलेला ब्रेक, अडकलेला थर्मोस्टॅट, थकलेला ऑक्सिजन सेन्सर, झिजलेले प्लग, हे सगळं आधी बघा. आणि ॲव्हरेज मोजायचं तर एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरून, तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून काटा बघत काढलेल्या ॲव्हरेजला काही अर्थ नाही.

गाडीच्या संगणकालाच विचारा

इंजेक्टर असलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो धुराड्यातला ऑक्सिजन बघून संगणकाला कळवतो, आणि संगणक इंधन कमी-जास्त करतो. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त सोडावं लागतं. ई१०वरून ई२०वर गेल्यावर संगणकाला साधारण साडेतीन-चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, आणि ते त्याच्या आवाक्यातलं असतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (संगणकाची माहिती वाचायची खाच) लावायचं ब्लूटूथ यंत्र घ्या, मोबाइलवर ॲप टाका आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम हा आकडा बघा. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतोय, ते तो सांगतो. अधिक दहाच्या आत असेल तर गाडी ई२०शी जुळवून घेतेय. तो पंधरा-वीसच्या पुढे गेला की थोड्याच दिवसांत इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि पी०१७१ हा कोड येतो. याचा अर्थ मिश्रणात इंधन कमी पडतंय.

गॅरेजवाला हा कोड बघून लगेच "ई२०मुळे" म्हणाला तर त्याला आकडा दोन स्थितींत बघायला सांगा: गाडी न्यूट्रलला उभी असताना आणि ताशी साठ-सत्तरने चढावर चालत असताना. आकडा उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी होत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय, बहुधा फुटलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून. चढावर, जोर लागताना वाढत असेल, तर फिल्टर चोक आहे किंवा टाकीतला पंप थकलाय. इथेनॉलमुळे वाढलेला आकडा दोन्हीकडे साधारण सारखाच वाढलेला दिसतो. एवढ्या एका तपासणीने इंजेक्टर बदलण्याचा खर्च वाचल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत.

जुन्या गाडीत फिल्टर चोक होणं यात मात्र इथेनॉलचा हात असू शकतो. ते चांगलं विद्रावक आहे, टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. त्यामुळे गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल आणि फिल्टर कधी बदललाय ते आठवत नसेल, तर तो आधी बदला.

बोनेट उघडा आणि हात लावून बघा

साहित्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे मिळतं. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. टॉर्च घ्या. टाकीकडून येणारी लोखंडी नळी जिथे रबरी पाइपला मिळते तो सांधा, इंधन रेलकडे (इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी) जाणारा पाइप, इंजेक्टर जिथे बसतात तिथल्या ओ-रिंगा (रबरी कड्या), आणि मागे भरण्याच्या तोंडापासून टाकीकडे उतरणारा जाड रबरी पाइप. पाइप दोन बोटांत दाबा. चांगला पाइप दाबल्यावर परत फुगतो. चिकट लागला, फुगून क्लिपच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला दिसला, किंवा दुमडल्यावर भेगा उघडल्या, तर तो गेला. त्याच्यावर पांढरा रुमाल फिरवा. रुमालाला काळं लागलं आणि पेट्रोलचा वास आला तर पाइप पाझरतोय.

वास येत असेल तर गाडी चालवायची नाही. "उद्या दाखवतो" नाही. इंजेक्शनच्या गाडीत या पाइपांत साधारण तीन-साडेतीन बारचा दाब असतो आणि शेजारी तापलेलं एक्झॉस्ट असतं.

पाइप बदलताना मीटरने मोजून मिळणारा कुठलाही काळा पाइप घेऊ नका. कंपनीचा भाग मिळत नसेल तर पाइपवर एसएई जे३० आर९ अशी छपाई आहे का ते बघा. हा इंजेक्शनच्या दाबासाठी असतो आणि त्याच्या आत इथेनॉलला दाद न देणारा फ्लोरोरबराचा थर असतो. आर६, आर७ हे कार्बोरेटरच्या कमी दाबाचे पाइप. ते स्वस्त असतात म्हणून लावून दिले जातात, आणि काही महिन्यांनी लोक पुन्हा ई२०ला शिव्या घालत येतात.

भरल्या भरल्या गाडी बंद पडली?

हा पूर्णपणे वेगळा आजार आहे आणि पावसाळ्यात तो परत परत येतो. पेट्रोल भरलं, दोन-तीन किलोमीटर गेलात आणि गाडी झटके देऊन बंद पडली. न चालणारं इंधन इतक्या झटपट काम दाखवत नाही. रबर फुगायला महिने लागतात. झटपट काम करतं ते पाणी.

निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, तळाशी बसतं. इथेनॉल पाण्याला धरतं, त्यामुळे थोडं पाणी मिश्रणात विरघळून जातं आणि इंजिनमधून निमूट निघूनही जातं. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जातं. टाकीतला पंप ओढतो तळाचंच. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं असेल तर तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्याही तिथेच पुढे कुठेतरी उभ्या दिसतील.

अशा वेळी सेल्फ मारत बसू नका. टो करून न्या आणि टाकी काढायला लावून एका स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना घ्या. दोन थर दिसले किंवा गढूळपणा दिसला तर निदान झालं. बिल, वेळ आणि बाटलीचा फोटो घेऊन पंपावर जा, तक्रारवहीत नोंद करा आणि तेल कंपनीच्या तक्रार क्रमांकावरही नोंदवा. पंपावर घनता तपासून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पंधरा अंश तापमानाला रूपांतरित केलेली घनता नोंदवहीतल्या आकड्यापासून ०.००३० ग्रॅम प्रति मिलीपेक्षा जास्त हलता कामा नये. फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते, पण ती रॉकेलसारखी भेसळ पकडते. पाणी आणि इथेनॉल तिला दिसत नाही.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरीही कळतं. शंभर मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, त्यात दहा मिली पाणी, वर शंभरच्या रेषेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, मध्ये मध्ये बूच सैल करून वाफ सोडा, आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर दहावरून सव्वीस-अठ्ठावीसच्या आसपास गेला तर ते ई२०. अठरा-एकोणीसला थांबला तर ई१०. हे उघड्यावर करायचं, आसपास शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल त्यात इथेनॉल नाही म्हणून शोधणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी हीच चाचणी करून बघावी.

सीएनजीवाल्यांनी हे वाचाच

सीएनजी गाडीत पेट्रोल फक्त सकाळी चालू करण्यापुरतं लागतं. दोनशे रुपयांचं टाकलं की महिनोन्‌महिने तेच. अर्धी रिकामी टाकी, वर दमट हवा, आणि हवेतलं पाणी शोषणारं वीस टक्के इथेनॉल. कोकणात आणि मुंबईत तर विचारूच नका. मग एक दिवस सीएनजीच्या रांगेत असताना गॅस संपतो, गाडी पेट्रोलवर जाते आणि मान टाकते. मालक म्हणतो ई२०ने वाट लावली. वाट लावली ती जुन्या पेट्रोलने. आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, आणि टाकीतलं पेट्रोल दीड-दोन महिन्यांत बदललं जाईल इतकंच भरा.

ई२० म्हणजे फ्लेक्स फ्युएल नव्हे

मार्च २०२४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या इंडियन ऑइलच्या निवडक पंपांवर "इथेनॉल १००" मिळतं. झाकणावर ई२० लिहिलंय म्हणून ते टाकायचं नाही. ते फक्त इथेनॉलवर चालणाऱ्या किंवा फ्लेक्स फ्युएल म्हणून, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल कमी-जास्त प्रमाणात चालेल अशा, विकलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडे विकायला आलेल्यांत टीव्हीएसची २०१९ची अपाचे आरटीआर २०० ई१०० आणि होंडाची ई८५पर्यंत चालणारी सीबी३००एफ या मोटारसायकली आहेत. साध्या इंजेक्टरला तेवढं इंधन सोडताच येत नाही, संगणकाची मर्यादा संपते आणि इंजिन गरम, अशक्त चालतं. शिवाय इथेनॉलची वाफ थंडीत नीट होत नाही. ब्राझीलमध्ये फ्लेक्स गाड्यांना कित्येक वर्षं थंडीत चालू होण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी द्यावी लागली होती, यावरून कल्पना करा. चुकून थोडं पडलंच, तर उरलेली टाकी साध्या पेट्रोलने भरा आणि दोन-तीन दिवस गाडी जोरात पळवू नका. टाकीभर पडलं असेल तर काढून टाका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका. तिथे २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांना ई१५ला परवानगी आहे, आणि फ्लेक्स गाडी ओळखायला टाकीचं पिवळं झाकण पुरतं. तोच मॉडेल आपल्याकडे त्याच नावाने विकला गेला असला तरी रबर आणि जुळवणी वेगळी असू शकते.

"इथेनॉल न्यूट्रलायझर" नावाच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात, त्यांचं विचारतात म्हणून सांगतो. कुठलीही बाटली पेट्रोलमधून इथेनॉल काढून घेत नाही आणि गेलेली ऊर्जा परत आणत नाही. गंजरोधक असलेल्या काही चांगल्या असतात, पण त्या पैशात नवा फिल्टर आणि चार ओ-रिंगा येतात.

जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटरला आणि मोटारसायकलला वरचं ओबीडी वगैरे काहीच लागू नाही. तिथे ऑक्सिजन सेन्सर नाही, त्यामुळे जास्त इंधन सोडायचं काम स्क्रूने आणि जेटने (इंधन सोडणारं बारीक भोकाचं नोझल) करावं लागतं. सकाळी चोक ओढूनही चालू व्हायला वेळ, मधल्या पिकअपला घुटमळणं, प्लगचं टोक पांढरट पडणं ही मिश्रणात इंधन कमी पडत असल्याची खूण. मेकॅनिककडून एक आकडा मोठा मेन जेट लावून बघा आणि फ्लोट बाउलचं (कार्बोरेटरच्या तळाचं पेट्रोल साठणारं भांडं) गॅस्केट, निडल व्हॉल्व्हचं रबर नवं घ्या. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल एका वाटीत काढून घ्या. त्यात हिरवट-पांढरी पूड आली, तर बाउल आतून गंजायला लागलाय. तो उघडून साफ केल्याशिवाय जेटला हात लावण्यात अर्थ नाही.